पेटंट कार्यालय आणि खोटा शिक्का

३ मार्च १८५६ रोजी कलकत्त्याचे सिव्हिल इंजिनिअर जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग यांनी पंखा ओढणाऱ्या यंत्रासाठी अर्ज केला. भारतातला हा पहिला पेटंट-अर्ज. ज्या कायद्याखाली तो आला, तो मात्र पुढच्याच वर्षी रद्द करावा लागला, कारण ब्रिटिश राजसत्तेची पूर्वसंमती न घेताच तो केलेला होता. नसलेला अधिकार गाजवणाऱ्यांना पुढे दंड करणाऱ्या या व्यवस्थेचा जन्मच असा बिनपरवान्याचा! १८५९मध्ये कायदा रीतसर नव्याने झाला. १९११च्या कायद्याने पेटंटचा कारभार नियंत्रकाकडे सोपवला, आणि न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या अहवालावर उभा राहिलेला १९७०चा कायदा २० एप्रिल १९७२पासून लागू झाला. मुख्य कार्यालय कोलकात्यात, शाखा मुंबई, दिल्ली आणि चेन्नईत. महानियंत्रक मात्र मुंबईत बसतात.

या १९७०च्या कायद्यातलं कलम १२० आपल्या कामाचं. विकायच्या वस्तूला भारतात पेटंट मिळालेलं नसताना ते आहे असं सांगणं, किंवा अर्जच केलेला नसताना तो केल्याचं भासवणं, हा या कलमाखालचा अपराध. वस्तूवर ठसा उमटवणं, कोरणं, छापणं हे सगळं सांगण्यातच धरलं जातं. देशाचं नाव न घालता नुसतं ‘पेटंट’ किंवा ‘पेटंट पेंडिंग’ लिहिलं, तर कायदा तो दावा भारतापुरताच समजतो. त्यामुळे ‘आमचं पेटंट परदेशातलं होतं हो’ ही सबब आयत्या वेळी चालत नाही.

फसवणूक बहुधा उघड खोटेपणाची नसते, ती अर्धवट खऱ्याच्या आडून चालते. तात्पुरता तपशील जोडून अर्ज केला, बारा महिन्यांत पूर्ण तपशील दिला नाही, तर अर्ज सोडून दिल्याचं मानलं जातं. खोक्यावरचं ‘पेटंट पेंडिंग’ मात्र तसंच राहतं. कुणी डिझाइनची नोंदणी करतो आणि जाहिरातीत तिला पेटंट म्हणतो. वीस वर्षांची मुदत उलटून गेलेल्या पेटंटचंही कौतुक सुरूच असतं. गिऱ्हाईक जास्त पैसे मोजतं आणि शेजारचा कारखानदार तशी वस्तू करायला कचरतो. दुसरं नुकसान माझ्या मते मोठं आहे, कारण ते कुणाच्या हिशेबात येत नाही.

एवढं असूनही कार्यालय स्वतः काही करू शकत नव्हतं. पेटंट द्यायचं त्याने, पण त्याच्या नावावर खोटं बोलणाऱ्याला शिक्षा द्यायची फौजदारी न्यायालयाने. २००५च्या दुरुस्तीने दंडाची कमाल मर्यादा दहा हजारांवरून एक लाखावर नेली. पण एका खोक्यावरच्या दोन शब्दांसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार?

बदल झाला तो जन विश्वास कायदा, २०२३मुळे. १ ऑगस्ट २०२४पासून कलम १२०मधला फौजदारी दंड जाऊन दिवाणी स्वरूपाची शास्ती आली. ती दहा लाख रुपयांपर्यंत होऊ शकते, आणि दावा चालूच ठेवला तर पहिल्या दिवसानंतर रोजचे एक हजार वेगळे. निर्णय न्यायालयाऐवजी नियंत्रकाने नेमलेला अधिकारी देतो, आणि त्यावर साठ दिवसांत अपील करता येतं. तक्रार कुणालाही ऑनलाइन करता येते. याच कायद्याने कलम १२१ मात्र पुसलं: आपल्या जागेला ‘पेटंट ऑफिस’ म्हणवून घेणाऱ्याला त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद होती. म्हणजे कार्यालयाच्या पाटीचं संरक्षण गेलं, आणि बाजारातल्या वस्तूंवर लक्ष ठेवायचं काम अंगावर आलं.

खऱ्या पेटंटधारकालाही नुसता शब्द पुरत नाही. कलम १११ सांगतं की वस्तूवर ‘पेटंट’ एवढंच लिहिलं आणि क्रमांक दिला नाही, तर नकळत नक्कल करणाऱ्याला पेटंटची माहिती होती असं तेवढ्यावरून धरता येत नाही, आणि भरपाईचा दावा तिथेच अडखळतो. क्रमांक दिला की तो कार्यालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट पडताळता येतो.