ओपन होईना, म्हणून इम्पोर्ट

कोरलड्रॉच्या फाइल मेनूत वर ‘ओपन’ आणि थोडं खाली ‘इम्पोर्ट’. एकाला कंट्रोल-ओ, दुसऱ्याला कंट्रोल-आय. डीटीपीच्या दुकानात नवा लागलेला मुलगा हमखास विचारतो, दोन्हीनं फाइलच येते ना, मग दोन कशाला? त्याला मिळणारं उत्तर ठरलेलं: सीडीआर असेल तर ओपन, फोटो असेल तर इम्पोर्ट. कामापुरतं ते बरोबरच आहे. पण या दोन आज्ञा वेगळ्या का झाल्या हे पाहायचं तर साठेक वर्षं मागं जावं लागतं.

१९६३ साली एमआयटीत इव्हान सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’वरचा प्रबंध सादर केला. लिंकन लॅबोरेटरीतला टीएक्स-२ हा संगणक, पडद्यावर टेकवायचं प्रकाश-पेन आणि चित्र साठवायला चुंबकीय फीत. तिथं फाइल उघडण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ती लिहिणारा आणि वाचणारा प्रोग्रॅम एकच. तरी एका चित्रात दुसरं चित्र आणून बसवण्याची सोय सदरलँडनी तेव्हाच करून ठेवली होती. त्यांनी एक षटकोन काढला, त्याच्या प्रती एकमेकींना जोडत पडदाभर जाळी विणली. मग मूळ षटकोनाच्या जागी अर्धवर्तुळाकार आकार आणला, तर सगळी जाळी माशाच्या खवल्यांसारखी झाली. प्रती मुळाशी बांधलेल्या होत्या. आज आपण चित्र ‘लिंक’ करून आणतो, त्याचा मूळपुरुष हाच.

खरी अडचण प्रोग्रॅम अनेक झाल्यावर सुरू झाली. प्रत्येकाची फाइल लिहायची पद्धत निराळी, आणि बहुतेकांनी ती गुपित ठेवलेली. १९८२ च्या डिसेंबरात ऑटोकॅड आलं. त्याची स्वतःची डीडब्ल्यूजी फाइल बंद पेटीत राहिली. देवाणघेवाणीसाठी मात्र ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कनं डीएक्सएफ ही दुसरी फाइल-पद्धत जाहीर केली. ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून पाहण्यासारखी आहे. दोन-दोन ओळींच्या जोड्या: वरच्या ओळीत आकडा, खालच्या ओळीत किंमत. रेघ असेल तर १० म्हणजे सुरुवातीचा एक्स, २० म्हणजे वाय, ११ आणि २१ म्हणजे शेवटचं टोक. वाचायला रटाळ, पण कुणालाही वाचता येणारी. एक फाइल घरच्यांसाठी आणि एक बाहेरच्यांसाठी, ही विभागणी तिथं चांगलीच रुळली.

छपाईच्या बाजूनं वेगळीच वाट निघाली. १९८५ साली ऑल्डसचं पेजमेकर आलं. त्यात बाहेरचा मजकूर किंवा चित्र पानावर आणण्याच्या आज्ञेचं नाव होतं ‘प्लेस’. अॅडोबीच्या प्रोग्रॅमांत ते आजही टिकून आहे. पुढं इलस्ट्रेटर आलं १९८७ मध्ये, आणि त्याच सुमारास ईपीएस. ईपीएस म्हणजे खरं तर पोस्टस्क्रिप्ट भाषेतला एक छोटा प्रोग्रॅम. तो समजायचा प्रिंटरला. पान लावणाऱ्या सॉफ्टवेअरनं त्यातलं फक्त ‘बाउंडिंग बॉक्स’ वाचायचं: चार आकडे, इंचाला ७२ या हिशेबानं, म्हणजे चित्र केवढी जागा घेणार ते. सोबत छोटं नमुनाचित्र असेल तर ते दाखवायचं, नसेल तर नुसती चौकट. आतला माल तसाच पुढं. मुंबईचा डबेवाला डब्यात काय आहे ते बघत नाही, झाकणावरची खूण बघतो. ईपीएस अनेक वर्षं तशीच पोचवली गेली. फोडून आतल्या रेघा दुरुस्त करायच्या म्हटलं की मात्र पंचाईत.

जानेवारी १९८९ मध्ये कॅनडातल्या ओटावा इथल्या कोरल कंपनीनं कोरलड्रॉ बाजारात आणलं. नव्यानं येणाऱ्याला आधीच्यांच्या फाइली वाचाव्याच लागतात, नाहीतर गिऱ्हाईक त्याच्याकडे वळणार कसं? म्हणून इम्पोर्टच्या खिडकीतली फॉरमॅटांची यादी व्हर्जनागणिक लांबत गेली. तिला कुणी औदार्य समजू नये. तो धंद्याचा हिशेब होता. स्वतःची सीडीआर फाइल कशी लिहिली जाते, ते कोरलनं उघड केलं नाही. दुसऱ्यांची कुलपं उघडायची आणि आपलं लावून ठेवायचं, हे या क्षेत्रात थोडंफार सगळ्यांनीच केलं. पण इम्पोर्टची रचना फार सुबक. फाइल निवडली की कर्सर कोनासारखा होतो. क्लिक केलं तर चित्र तिथं बसतं, ओढलं तर हव्या मापात, एंटर दाबलं तर पानाच्या मधोमध. आपण एक नवी वस्तू चालू पानावर ठेवतोय, हे हातालाच कळतं. ओपनमध्ये पानच बदलतं.

कुलूप बाजूला ठेवायचा प्रयत्न झाला तो एसव्हीजी या खुल्या चित्र-फाइलच्या रूपानं. डब्ल्यू-थ्री-सी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं सप्टेंबर २००१ मध्ये त्याची पहिली शिफारस जाहीर केली. सोडीपोडी या चित्रं काढण्याच्या प्रोग्रॅममधून फुटून २००३ मध्ये निघालेल्या इंकस्केपनं एसव्हीजीलाच आपली घरची फाइल मानलं. कोरलची सीडीआर वाचायला स्वयंसेवकांना आतला एकेक बाइट उलगडावा लागला. ते काम २०१२ मध्ये लिबरऑफिसपर्यंत पोचलं. खुलेपणानंही सगळं सुटत नाही, हेही सांगायला हवं. २०१७ मध्ये इंकस्केपच्या ०.९२ व्हर्जननं इंचाला ९० पिक्सेलऐवजी ९६ धरायला सुरुवात केली, वेबच्या नियमाशी जुळावं म्हणून. आता जुनी फाइल उघडली की मापं चुकण्याची भीती. म्हणून प्रोग्रॅमला विचारावं लागलं, हे चित्र पडद्यासाठी काढलं होतं की छपाईसाठी? फाइल स्वतःचीच, तरी उघडताना तिचा अर्थ लावावा लागला.

आपल्याकडे या इतिहासाला एक जादा पीळ आहे. युनिकोडच्या आधी मराठी डीटीपी श्रीलिपी आणि आयएसएम या सॉफ्टवेअरांवर आणि त्यांच्या फॉन्टांवर उभं राहिलं. त्या फॉन्टांत देवनागरीची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली. समोरच्या संगणकावर तो फॉन्ट नसेल, तर फाइल ओपन होते, चुकांचा संदेशही येत नाही, आणि ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची भेळ दिसते. त्यात व्हर्जनचा घोळ: नव्या कोरलची फाइल जुन्यात उघडत नाही. यावर छापखान्यांनी आपला तोडगा काढला. ‘व्हर्जन डाउन करा आणि कर्व्ह करून पाठवा’, ही दोन वाक्यं लग्नपत्रिका, फ्लेक्स किंवा मुखपृष्ठ करणाऱ्या कुणालाही झोपेतही म्हणता येतील.

कर्व्ह केलं की अक्षरांच्या बाह्यरेषा उरतात. फाइल कुठंही नीट उघडते, फॉन्ट लागत नाही, छपाई बिनचूक होते. पण मजकूर संपतो. त्यात शोधता येत नाही, ‘चि.सौ.कां.’ची चूक दुरुस्त करता येत नाही, नाव बदलायचं तर पुन्हा टाइप करायचं. जे अंतर प्रोग्रॅम बनवणाऱ्यांनी मिटवलं नाही, ते आपण मजकूर मोडून मिटवलं. छापखान्याचं त्यात चुकलं असं मी म्हणणार नाही. रात्री अकराला येणारी फाइल सकाळी छापून द्यायची तर दुसरा मार्ग नव्हता. पण गेल्या तीन दशकांतली किती स्मरणिका-मुखपृष्ठं, किती दिवाळी अंकांची शीर्षकं आता फक्त रेघांच्या रूपात शिल्लक असतील, याचा विचार कुणी केलेला नाही.

तेव्हा डिझायनर मंडळींना एवढंच सांगणं: प्रेसला कर्व्हची फाइल द्या, पण न मोडलेली मूळ फाइलही जपा, सोबत तिची एक पीडीएफ काढून ठेवा, आणि नवं काम युनिकोडमध्येच करा.