सत्ता आणि सांधा

अल्लाहच्या नव्व्याण्णव नावांत 'अल्-जब्बार' आहे. जब्बार म्हणजे सर्वसत्ताधीश, एवढंच मी लहानपणी शिकलो. पुढं कळलं, त्याच अरबी धातूचा मोडलेलं हाड सांधणं असाही अर्थ आहे. त्यातूनच 'जबरूत' आला : ईश्वरी सामर्थ्याचा लोक. नासूत, मलकूत, जबरूत, लाहूत हे सूफींचे चार लोक. १६५५ मध्ये दारा शुकोहनं 'मजमउल बहरैन' या फारसी ग्रंथात त्यांची सांगड जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुर्येशी घातली. जबरूत म्हणजे सुषुप्ती. तिथं मी-तूपण उरत नाही. चारच वर्षांनी गादीची लढाई हरलेल्या दाराला धर्मद्रोही ठरवून सख्खा भाऊ औरंगजेबानं ठार केलं. ती सत्ता झाली. सांधण्याचं काम मात्र दारा आधीच करून गेला होता.