मशीन कोणाच्या नावावर नसते

चाकण-पिंपरीच्या पट्ट्यात शाळांना मदत करायचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येते: ‘प्रत्येक मुलाला स्वतःचा संगणक द्या, पुढचे ते बघून घेईल.’ कारखान्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी दाराशी आहे, मग घोडे अडते कुठे? हा पूर्वपक्ष हेतूने वाईट नाही. हिशेब चुकतो तो ‘प्रत्येकाला एक’ या मापात.

हे माप अमेरिकी संगणकतज्ज्ञ निकोलस निग्रोपॉन्टे यांच्या, शाळकरी मुलांसाठीच्या शंभर डॉलरच्या लॅपटॉपचे. 2006 साली केंद्रीय शिक्षण सचिव सुदीप बॅनर्जी यांनी त्याला नकार कळवला. वर्गखोल्या आणि शिक्षक यांची गरज त्यांना आधीची वाटत होती. तरी 2007 मध्ये कर्जत तालुक्यातल्या खैराट धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत पहिली ते चौथीच्या 22 मुलांना ते लॅपटॉप मिळाले. मुले हरखून गेली. पण तो प्रयोग राज्यभर पसरला नाही. पेरू देशाने मात्र ते लाखांनी वाटले. तिथल्या 319 शाळांचा अभ्यास 2012 साली आला: दर मुलामागे संगणकांचे प्रमाण 0.12 वरून 1.18 वर गेले आणि गणित-भाषेचे गुण होते तिथेच राहिले. तर्कशक्तीच्या चाचणीत थोडी वाढ दिसली, हेही सांगितले पाहिजे.

म्हणजे संगणक निरुपयोगी? मुळीच नाही. दिल्लीत मुरलीधरन, सिंग आणि गणिमियन यांनी ‘माइंडस्पार्क’ केंद्रांचा केलेला अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. शाळा सुटल्यावर मुले तुकडीने केंद्रात येत. निम्मा वेळ संगणकावर आपापल्या इयत्तेचा नव्हे, तर आपापल्या पातळीचा अभ्यास. उरलेला निम्मा वेळ छोट्या गटात शिकवणी. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्हींत ठळक प्रगती झाली. संगणक मुलांच्या मालकीचे नव्हते. एक तुकडी उठली की दुसरी बसे.

भोसरीच्या कारखान्यांत राबणाऱ्या वाचकाला यात नवे काय? सीएनसी मशीन कोणाच्या नावावर नसते. पहिल्या पाळीचा ऑपरेटर जाताना कुठला इन्सर्ट (कापणारे पाते) घासलाय, मापाचा ऑफसेट किती दिलाय, हे दुसऱ्याला सांगून जातो. नवा पोरगा आधी हेल्पर म्हणून शेजारी उभा राहतो आणि बघत बघत शिकतो. ब्रेकडाउन झाला की मेंटेनन्सवाला धावत येतो. शाळेत मात्र आपण मेंटेनन्सवाला न नेमताच मशीन वाटायला निघतो.

कोरोनात ज्यांच्या घरी फोन नव्हता त्यांचे शिक्षण तुटले, हा सर्वांत वजनदार आक्षेप. तो खरा आहे. पण तेव्हा शाळाच बंद होती. आणि आज उपकरणाचा तसा दुष्काळ राहिलेला नाही. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या 2024च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या 14 ते 16 वयाच्या 82 टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरल्याचे त्यांतल्या 57 टक्क्यांनी सांगितले, समाजमाध्यमांसाठी 76 टक्क्यांनी.

शिवाय घराकडे बघा. महाळुंगे किंवा खराबवाडीची चाळीतली खोली: बाप रात्रपाळी करून दुपारी झोपलेला, स्विचबोर्डवर एकच सॉकेट मोकळे. नोकरी कंत्राटी. कंत्राट संपले की बिऱ्हाड हलते आणि मूल वर्षाच्या मध्यात शाळा सोडते. मग तो लॅपटॉप मुलाचा, शाळेचा की घरमालकाच्या थकलेल्या भाड्याचा? दृष्टिहीन मुलाची गोष्ट वेगळी. स्क्रीन वाचून दाखवणारा संगणक म्हणजे त्याची वही-पेन्सिल. तो त्याच्या एकट्याचाच हवा. बाकीच्यांनी दोघा-तिघांत एक पडदा वाटून घेतला तर बिघडत नाही, उलट बोलणे वाढते. चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेत मुले ‘विषयमित्र’ होऊन एकमेकांना शिकवतात, आणि ती शाळा 2025 साली जागतिक शालेय पुरस्काराच्या अंतिम यादीत पोहोचली.

2013च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्चायला सांगितले आहेत. तो पैसा शाळेकडे वळवणाऱ्यांना विनंती एवढीच: करारात आधी संगणक शिक्षकाचा तीन वर्षांचा पगार आणि दुरुस्तीची तरतूद लिहा. उरलेल्या पैशात बसतील तेवढेच संगणक घ्या.