क्षयाचं कारण: शाप, जंतू आणि रिकामं ताट

मंडळी, आज हर्सूलला आपण क्षयरोगावर बोलतोय. मी डॉक्टर नाही, तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस. त्यामुळे माझा प्रश्न एवढाच आहे: एखाद्या रोगाचं 'कारण' म्हणजे नेमकं काय?

या रोगाचं आपलं जुनं नाव राजयक्ष्मा. चंद्राने बाकीच्या बायकांना सोडून एकट्या रोहिणीवर जीव लावला, सासऱ्याचा कोप झाला आणि चंद्र झिजू लागला, अशी कथा आहे. म्हणजे रोग ही शिक्षा. पण गंमत बघा, ही कथा सांगणारी चरकसंहिताच पुढे साधी कारणं देते: झेपत नाहीत एवढे कष्ट, शरीराचे वेग दाबणं, धातूंची झीज, अवेळी आणि वेडंवाकडं खाणं.

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. आता शापाची गोष्ट संपायला हवी होती. पुढच्याच वर्षी आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या, ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयानेच गेल्या. वय अवघं २१. जंतू माहीत होता, औषध नव्हतं. १८९० मध्ये कॉख यांनीच ट्युबरक्युलिन हा उपाय म्हणून पुढे आणलं, ते फसलं आणि तपासणीपुरतं उरलं. क्षयावर खरोखर चालणारं पहिलं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडलं १९४३ मध्ये. कारण कळल्यापासून ६१ वर्षांनी!

हा जंतू फार संथ. काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात, याला जवळपास अख्खा दिवस लागतो. म्हणून गोळ्या निदान सहा महिने. दोन महिन्यांत बरं वाटतं, माणूस गोळ्या सोडतो, आणि उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात.

मग जंतू हेच कारण ना? तर्काने बघा. जंतू शिरलेल्या शंभरातल्या पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी हा रोग होतो. म्हणजे जंतू आवश्यक आहे, पण पुरेसा नाही. बाकीचं काम कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही, विडी-सिगारेट आणि कोंदट खोल्या करतात. झारखंडमधला एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णांच्या घरच्यांना जादा शिधा दिला, तेव्हा त्यांच्यातला क्षय जवळपास चाळीस टक्क्यांनी कमी झाला. हे चरकाला आधीच कळलं होतं, असं मी म्हणणार नाही. त्याला जंतू ठाऊक नव्हता. पण ताटाकडे बघायला तो विसरला नव्हता, आपण विसरलो.

आणि शाप? तो अजून घराघरांत आहे. लग्न मोडेल म्हणून मुलीचा खोकला लपवतात, आजारी सुनेला माहेरी धाडतात. अहो, लपवलेला क्षयच घरभर पसरतो. योग्य औषध सुरू झालं की संसर्गाचा धोका लवकर उतरतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. तपासणीही फुकट, गोळ्याही फुकट. आणि तिला विचारायचंच असेल, तर काय पाप केलंस ते नको, आज जेवलीस का, एवढं विचारा.