भट्टी लावायच्या दिवशी उद्यमनगरात

कोल्हापूरला आलेला पाहुणा अंबाबाईचं दर्शन घेतो, तांबडा-पांढरा ओरपतो, रंकाळ्यावर भेळ खातो आणि परततो. तुम्ही मात्र रिक्षावाल्याला शिवाजी उद्यमनगर सांगा, आणि साल सांगा १९६५. दसरा तोंडावर आलाय.

कारखान्यांची ही वसाहत आधी नाकाला कळते. कोकचा धूर, जळकं तेल, ओली वाळू. पत्र्याच्या शेडला शेड लागलेली आणि आत पट्ट्यावर फिरणारी लेथ. एका दारात ओतकामासाठी लाकडी पॅटर्न करणारा सुतार दातेरी चाक तासतोय. त्याची फुटपट्टी उचलून बघा. तुमच्या पट्टीशी ती जुळायची नाही. तिचा फूट अष्टमांश इंचानं लांब आहे. पट्टी खोटी नाही. बिडाचा रस निवताना आकसतो, तेवढी वाढ आधीच धरून लाकूड कापायचं असतं.

हे चाक उसाच्या चरकाचं. दिवाळीच्या सुमारास गुऱ्हाळं पेटतील, आणि ऐन हंगामात चरक मोडला तर तोडलेला ऊस वाट बघत नाही. म्हणून शेतकरी मोडका भाग पोत्यात घालून थेट इथं येतो. आधी दुरुस्ती, मग तसाच दुसरा भाग, मग अख्खं यंत्र. पाणी उपसायची ऑइल इंजिनंही याच वाटेनं आली. अशी इंजिनं घडवणाऱ्या म्हादबा मेस्त्रींचं नाव इथं आदरानं घेतात ते त्यामुळेच. बघून करायची ही खोड गावाला जुनीच. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरासुद्धा इथंच घडवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला.

“पावणं, मागं सरा!”

भट्टी रोज लागत नाही. चार दिवस साचे भरून ठेवायचे आणि मग एकदाच ओतायचं. आज तो दिवस. क्युपोला भट्टीच्या तोंडातला मातीचा बोळा गजानं फोडतात आणि पिवळीजर्द धार लेडलमध्ये पडते. तेराशे-चौदाशे अंशांचा रस. दोघं जण दांडा धरून चालू लागतात, पावलाला पाऊल जुळवून. पायांत साध्या चपला आहेत, हे तुम्हाला बघवत नाही; त्यांचं लक्ष फक्त धारेकडं. ती मध्येच तुटली तर चाकात सांधा राहतो आणि माल पुन्हा भंगारात. साच्याच्या फटींतून निळ्या ज्वाळा फुरफुरतात. शेवटचा साचा भरेपर्यंत कुणी बोलत नाही, मग सगळे एकदम चहा मागतात.

तेवढ्यात कोटितीर्थाच्या बाजूनं भोंगा होतो. शाहू मिल. शाहू महाराजांनी १९०६ साली उभी केलेली. गाव त्या भोंग्यावर घड्याळं लावतं.

आता आजच्या काळात परत या. मिल २००३ साली बंद पडली. तिच्या जागेवर शाहू महाराजांचं स्मारक व्हावं, अशी चर्चा गावात वर्षानुवर्षं चालू आहे, आणि ते व्हायलाच हवं. पण मिलला राजाचा हात होता, चिमणी लांबून दिसते. उद्यमनगरातली ती लांब फुटपट्टी एखाद्या काचेच्या पेटीत ठेवावी, असं कुणाला सुचल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

शिवाय इथं काही मेलेलं नाही, त्यामुळे स्मारकाची घाईही नसावी. ओतकाम शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीत गेलं. तिथं विजेच्या भट्ट्या आहेत आणि ट्रक-ट्रॅक्टरचे सुटे भाग ओतले जातात. उद्यमनगरच्या बोळांत उरलं ते जॉबवर्क: लेथ, ग्राइंडिंग, वेल्डिंग, स्पेअरची दुकानं. तुटका भाग घेऊन गेलात तर ड्रॉइंग कुणी मागत नाही. मेस्त्री तो हातात फिरवून बघतो आणि म्हणतो, “सांजच्याला या.” सांजच्याला गेलात तर म्हणतो, “उद्या सकाळी नक्की.”