शेजारच्या बाकावरचा परीक्षक

पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर गिरवणाऱ्या धाकट्याचा हात धरायला पंतोजी स्वतः क्वचितच जात. ते काम मोठ्या मुलांचे. धाकटा कुठे चुकला, हे आधी त्यांनाच कळे. मद्रासला १७८९ पासून सैनिकांच्या अनाथ मुलांची शाळा सांभाळणाऱ्या अँड्र्यू बेल याने गावच्या शाळेत वाळूवर लिहिणारी मुले पाहिली. पुढे आपल्या शाळेत मुलांनीच मुलांना शिकवावे, तपासावे अशी रीत त्याने बसवली. १७९७ साली त्याने यावर लंडनमध्ये पुस्तक छापले आणि ‘मद्रास पद्धत’ इंग्लंडभर पसरली.

आपल्याकडे मात्र तपासणी हळूहळू बाहेरच्या परीक्षकाकडे गेली. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. पेपर तपासणारा मुलाला ओळखत नाही, हा नव्या व्यवस्थेचा मोठा गुण. वशिल्याला त्यात वाव कमी, हे मान्यच करायला हवे.

या वाटेचे टोक पाहायचे तर लातूरला किंवा नांदेडला जावे. सराव परीक्षा, पुन्हा सराव परीक्षा आणि गुणांची यादी. ‘लातूर पॅटर्न’ म्हणून हे राज्यभर गाजले. नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ चे. पण तिथवर पोहोचण्याचा हिशेब बघा. २०२० साली रद्द होईपर्यंत वैद्यकीय प्रवेशाला ७०:३० चे सूत्र होते. ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना. म्हणजे मराठवाड्यातल्या मुलाची खरी चुरस शेजारच्या बाकाशीच! त्याला एक गुण जास्त मिळाला, तर आपण एक पायरी खाली. अशा वेळी त्याच्या वहीतली चूक कोण दाखवील?

आणि हीच मुले एमबीबीएसला एका वॉर्डात उभी राहतात. रक्तदाब खरोखर मोजला की अंदाजाने लिहिला, म्हातारीचे म्हणणे पुरते ऐकले का, हे प्राध्यापकांना दिसत नाही. सोबत्याला दिसते. अमेरिकेत कोर्मन आणि स्टबलफील्ड यांनी १९७१ साली हेच तपासले. इंटर्नशिपमध्ये कोण चांगले काम करील, याचा अंदाज बांधायला सहाध्यायींची मते उपयोगी पडली. फाल्चिकोव्ह आणि गोल्डफिंच यांनी २००० साली उच्च शिक्षणातले असे ४८ अभ्यास एकत्र केले. विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी दिलेल्या गुणांचा सहसंबंध सरासरी ०.६९ निघाला (पूर्ण जुळले तर १). निकष मुलांना नीट समजलेले असले, तर मेळ अधिक चांगला बसतो.

पण या आकड्याने हुरळून सोबत्याचे गुण थेट निकालात धरू नयेत, असे मला वाटते. तसे केले की यादी परत आली, आणि यादीबरोबर जुने वैर किंवा ‘तू मला दे, मी तुला देतो’ हा सौदा. २०१९ पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा वेगळा भाग आहे. सोबत्याच्या नजरेला खरी जागा तिथे आहे, गुणांशिवाय.

आम्हा संशोधकांचे निबंधही समव्यवसायी मंडळीच तपासतात. माझ्या एका निबंधातली एककांची ढोबळ चूक अशाच अनोळखी परीक्षकाने पकडली होती. तेव्हा राग आला. छापून आल्यावर तो निवळला.