पोथ्यांतील फुलांची ओळख व कालनिर्णय

यवतमाळहून अमरावतीस जातांना वाटेंत नेर हें तालुक्याचें गांव लागतें. पावसाळ्यांत त्या बाजूच्या माळांवर व शेतांच्या बांधांवर पिवळ्या फुलांची, उग्र वासाची एक वनस्पति माजते. तिला वऱ्हाडांत तरोटा म्हणतात. तिचीं कोंवळीं पानें भाजीस घेतात. पुण्याकडील लोक हिलाच टाकळा म्हणतात. परंतु देशावरील संशोधकाच्या हातीं वऱ्हाडांतील एखादा जुना कागद पडला व त्यांत ‘तरोटा’ हा शब्द आला, तर नामसादृश्यामुळें तो तरवड समजला जाण्याचा संभव फार. तरवडाचें फूलही पिवळेंच, आणि शास्त्रदृष्ट्या दोहोंचें कूळ एकच. तथापि तरवड हें वर्षानुवर्षें टिकणारें झुडूप असून त्याची साल कातडीं कमावण्याच्या कामीं येते. टाकळा एका पावसाळ्याचा धनी. टाकळ्याच्या पानास पर्णिकांच्या बहुधा तीन जोड्या, तरवडाच्या आठ ते बारा. टाकळ्याची शेंग लांब व बारीक, तरवडाची चपटी. म्हणजे एका शब्दाच्या गफलतीनें गरिबाची पावसाळी भाजी चर्मव्यापाराचा पुरावा होऊन बसावयाची!

नांवावरून वस्तु ठरविण्याची ही संवय पोथ्यांच्या कालनिर्णयांत अधिकच बाधक होते. संस्कृत ग्रंथांतील मंदार म्हणजे बहुतेक ठिकाणीं पांगारा. मराठींत मंदार म्हणतात तो रुईचा भाऊबंद. झेंडू व गुलबाक्षी हीं मूळचीं अमेरिकेंतील फुलें, इ. स. १४९२ च्या कोलंबसाच्या सफरीपूर्वीं तीं इकडे येण्याचा संभव नाहीं. यादवकालीन म्हणून दाखविलेल्या पोथींत तीं आढळल्यास तो भाग शंकास्पद मानणें प्राप्त आहे. येथवर कोणीही मान्य करील. परंतु ‘गुल्’ हें फारसी पद पाहून जो सावध होतो तोच निशिगंध हें शुद्ध संस्कृत नांव पाहून निःशंक होतो, आणि हा निशिगंध तर मेक्सिकोचा! कृष्णकमळाची गोष्ट याहून मौजेची. त्याच्या फुलांत पांडव व कौरव दाखविणारी भाविक कथा घरोघर सांगतात, पण तो वेलही अमेरिकेचाच. संस्कृत नांव हा प्राचीनत्वाचा दाखला नव्हे, हें या दोन फुलांनीं पुरतें सिद्ध होतें.

उलट बाजूसही तितकीच सावधगिरी हवी. फड्या निवडुंग परदेशी, म्हणून ‘निवडुंग’ शब्द असलेली प्रत्येक पोथी अर्वाचीन ठरविणें चूक होय. कारण चिकाचा देशी निवडुंग येथें पूर्वींपासून आहे. वर्णनांत दुधासारख्या चिकाचा उल्लेख असेल तर तो देशी समजावा. पांढरा चाफा अमेरिकेंतून आला, सोनचाफा आपला. धोतऱ्याचे बहुतेक भाईबंद अमेरिकेंतले. तरी धत्तूर हें नांव कोलंबसापूर्वींच्या संस्कृत वैद्यकांत स्पष्ट आहे, आणि त्याचा उलगडा वनस्पतिशास्त्रज्ञांसही सहज झालेला नाहीं.

शिवाय लेखकाचा हात. लीळाचरित्राची मूळ प्रत नाहीशी होऊन तें स्मरणानें पुन्हा सिद्ध केलें, अशी महानुभावांची परंपरा आहे. अशा ग्रंथाच्या प्रतींत एखादें नवें फूल आलें तर त्यावरून त्या प्रतीविषयीं, फार तर त्या ओळीविषयीं, निर्णय करतां येईल. सबंध ग्रंथाविषयीं नव्हे. नकलकारास अपरिचित नांवाच्या जागीं आपल्या परसांतलें फूल घालण्याचा मोह होतो. प्रस्तुत लेखकाच्या मतें पाठभेद न पाहतां फुलावरून काळ ठरविणें हा उतावीळपणा आहे.

नांवाशेजारीं चित्र असतें तर हा घोळ झालाच नसता. कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड यानें तयार करविलेला ‘होर्टुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ इ. स. १६७८ ते १६९३ या काळांत आम्स्टरडॅम येथें छापला. त्यांत रंगभट, विनायक पंडित व आपूभट या कोंकणी ब्राह्मणांचें १६७५ चें नागरी अक्षरांतील प्रमाणपत्र आहे, आणि चित्रांवर झाडांचीं नांवें निरनिराळ्या लिप्यांत दिलीं आहेत. आमच्या निघंटूंत पर्याय व गुणदोष विपुल, पण आकृति नाहीं.

वऱ्हाडापुरती ही उणीव भरून काढण्याचें एक साधन आहे. भारतीय वनस्पति सर्वेक्षण संस्थेनें १९९३ सालीं यवतमाळ जिल्ह्याचें वनस्पतिवर्णन प्रसिद्ध केलें आहे. ज्यांच्या संग्रहीं त्या बाजूच्या पोथ्या, वैद्यकाचीं बाडें किंवा पूजेच्या याद्या असतील त्यांनीं त्यांतील फुलांचीं नांवें पत्रांक व पाठभेदांसह उतरून घ्यावीं, आणि तीं नांवें नेरसारख्या गांवच्या म्हाताऱ्या माणसांस वाचून दाखवावीं. ते ज्या झाडाकडे बोट दाखवितील त्याची फुलासह डहाळी कागदांत दाबून वर तिथि व जागा लिहावी. कुरडू व तेरडा भाद्रपदांत मिळतील. पळसासाठीं फाल्गुनापर्यंत थांबावें लागेल.